येळवशीची पाहुणी

“आज ह्या शेतात जगाच्या इतिहासाला नवं वळण मिळणार हाय!” शेषेरावांनी बांधाच्या टोकावर उभं राहून जाहीर केलं, एक पाऊल मागं टाकलं आणि ते हरभऱ्याच्या पाटात बसले.

क्रूझरमधून उतरणारी पोरं खदखदून हसली. काबूलहून घरदार सोडून नांदेडला आलेल्या शीख कुटुंबांची ही पोरं. त्यांना येळवस दाखवायला शेषेरावांनी अहमदपूरजवळच्या आपल्या शेतात बोलावलं होतं. मार्गशीर्षातल्या या वेळअमावास्येला इकडं घरांना कुलपं आणि शेतांत पंगती असतात. वाटेनं चाललेल्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं शेषेरावांकडे बघत हात वर केला.

“हीच का ती?” शेषेरावांनी धोतर पिळत विचारलं.

“हीच. गुरलीन.” शिक्षिका वर्षाराणी हळू आवाजात म्हणाल्या. “आल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नाही हो. सोमवारी शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर बोलली नाही, तर लातूरला मुक्या मुलांच्या वसतिगृहात पाठवणार. धाकटी बहीण नांदेडला, ही तिथं.”

येतानाही मागच्या सीटवर गुरलीनभोवती सारखा हशा पिकत होता, पण वर्षाराणींना वळून बघायला सवड नव्हती. त्या वाटभर ड्रायव्हरला गुरलीनची कहाणी सांगत होत्या.

“आन् हात कामून वर केला?”

“मधूनच करते असं.”

“बंदुका बघितल्या असतील लेकरानं. सवय लागली असंल.” शेषेरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले, पण बोलणं थांबलं नाही.

वर्षाराणींनी तो हात मायेनं खाली घेतला. “इथं कोणी मारत नाही, बाळा.”

“दिवस मावळायच्या आत बोलती करतो,” शेषेराव गरजले. “न्हाई केली, तर पुढच्या येळवशीला मी भाषण करणार न्हाई!”

त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीत दगडांच्या रूपानं मांडलेल्या पाच पांडवांना मनोभावे हात जोडले. नेमकं काय मागितलं, ते कळलं नाही.

पंगत बसली. शेषेराव गुरलीनच्या समोर मांडी घालून बसले.

“सांग बाई, नाव काय तुझं?”

गुरलीननं तोंड उघडलं.

“गुरलीन!” शेषेरावांनीच सांगून टाकलं. “काय गोड नाव! आमच्या आज्जीचं नाव गोदावरी. तिची एक गंमत सांगतो…”

गंमत संपेपर्यंत पानातली शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी निवली.

“आवडली का गं भज्जी?” सिंधुबाईंनी विचारलं.

“आवडली तिला,” वर्षाराणी म्हणाल्या. “तोंडावरून कळतं ना.”

सिंधुबाईंनी आणखी दोन पळ्या वाढल्या. गुरलीनचा हात वर गेला. वर्षाराणींनी डोळे पुसत तो खाली घेतला.

“दीदी ना…” धाकटी बहीण सांगू लागली. तेवढ्यात सिंधुबाईंनी तिच्या तोंडात बाजरीचा उकडलेला गोल उंडा घातला.

दुपारी शेषेराव “ओलगे, ओलगे, सालम पोलगे!” अशी येळवशीची आरोळी ठोकत, आंबील शिंपडत शेताभोवती धावले. मागं सगळी पोरं. परत आल्यावर त्यांनी ‘बोलण्याचं महत्त्व’ या विषयावर भाषण केलं. ते चालू असताना गुरलीन उठून वासराजवळ जाऊन बसली. वासरू कडबा खायचं सोडून, कान टवकारून तिच्याकडे बघू लागलं.

“मुक्याची भाषा मुक्यालाच कळून राहिली,” शेषेराव म्हणाले, आणि भाषण पुढं सुरू झालं.

उन्हं कलली. क्रूझर निघायची वेळ झाली. शेषेराव गुरलीनपुढं गुडघ्यावर बसले, “बोल माय” म्हणायला गेले, आणि तोंडातून नुसती हवा आली. आवाज पार बसला होता. त्यांच्या वतीनं वर्षाराणी बोलणार होत्या, पण वाटेसाठी म्हणून सिंधुबाईंनी त्यांच्या तोंडात उंडा कोंबला होता. सिंधुबाई डबे बांधायला कोपीत गेल्या होत्या.

तुरीत वारा वाजला. बाकी काही नाही.

“काका,” गुरलीन म्हणाली.

“बोलली!” कोपीतून सिंधुबाई ओरडल्या.

पोरांनी ताटं बडवली. शेजारच्या शेतांतली माणसं बांध ओलांडून पळत आली. वर्षाराणी उंड्यासकट रडल्या. शेषेरावांचा बसलेला आवाज दुप्पट होऊन परत आला. त्यांनी गुरलीनला खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत कोपीला फेरी मारली.

“आता येऊ द्या तुमच्या साहेबाला! कोण पाठवतो लातूरला, बघतोच मी!” बांधावर चढून, गर्दी बघून ते थांबले. पटका सारखा केला. “बंधूंनो आन् भगिनींनो! बोलणं म्हणजे काय असतं…”

खांद्यावर बसलेल्या गुरलीनचा हात वर गेला. वर्षाराणी धावल्या, टाचा उंचावल्या, पण या वेळी त्यांचा हात तिथवर पुरला नाही.

“काका, जरा गप बसा की,” गुरलीन म्हणाली. “नांदेडला आल्यापासून बोलायसाठी हात वर करून राहिले. आधी माझं होऊ द्या.”