डावा गुडघा

नवऱ्याचा व्हिसा मंजूर झाला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण ईमेल स्पॉन्सर म्हणून मला आलाय आणि मी त्याला अजून काही बोललेले नाही.

आमचं लग्न खरं आहे की नुसतं कागदोपत्री, हे तपासायला मुलाखतीला बोलावतील, या धास्तीने तो महिनाभर माझा अभ्यास करतोय. काल भांडी घासता घासता म्हणाला, "अगं, तुझा गुडघा दुखतो तो डावाच ना? की बदललास?"

सहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं बाबाने.



प्रति, व्हिसा अधिकारी: मंजुरीबद्दल आभार. तरी आमच्या लग्नावरचा आपला संशय पुढील आदेशापर्यंत कायम ठेवावा, ही नम्र विनंती.