वरीलप्रमाणे

दत्तकांच्या वहीतली एकेचाळीस नंबरची नोंद तिला तोंडपाठ होती. पाठ करण्यासारखं तीत होतं तरी काय? कारकुनाने ‘मुलगी’ एवढा एकच शब्द धड लिहिला होता. दत्तकाची तारीख, ठिकाण, जन्मदात्या आईचं नाव, तिन्ही रकान्यांत ‘वरीलप्रमाणे’. शेऱ्यात ‘दत्तक दिली’ आणि खाली दत्तक घेणाऱ्याची, म्हणजे बाबांची सही, शेपटी पतंगासारखी वर गेलेली.

आणि वर काहीच नव्हतं. नोंद पानाच्या माथ्यावर होती. आधीचं पान वहीतून केव्हाच गळालं होतं.

दुपारी शिवणयंत्र झाकून ती रोज नोंदणी कचेरीत यायची. तीन वर्षं झाली. चार महिन्यांची असताना आईबाबांनी तिला घरी आणलं, हे तिच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. माया भरभरून मिळाली. आता ते दोघं नव्हते, आणि आपल्या रक्ताचं एक तरी माणूस तिला डोळे भरून पाहायचं होतं.

आईबाबांचा थोरला, तिचा दादा, त्याच कचेरीत जुन्या वह्यांची बांधणी करायचा. तिच्याहून वर्षाने मोठा, आणि त्या एका वर्षाचा तोरा पन्नाशी उलटली तरी उतरला नव्हता. तुला भंगारवाल्याकडून फुटक्या बादलीवर घेतली, म्हणायचा. बिचारा अजून बादली बदलून मागतोय.

लग्नांच्या वहीत आईबाबांची नोंद सापडली तेव्हा ती चक्रावली. लग्न दादाच्या जन्मानंतर पाच महिन्यांनी. कारकुनाला डुलकी लागली असेल, म्हणत दादा पोट धरून हसला आणि त्याने नाक पुढे केलं. हुबेहूब बाबांचं; याला कुठला दाखला लागतो? तिनेही ते सोडून दिलं. तिला शोधायची होती ती स्वतःची आई.

पूर्वीचे बांधणारे सुटी पानं पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चिकटवत, हे दादानेच एकदा सांगितलं. तेव्हापासून एकही पुठ्ठा ती सोडत नव्हती. आज त्याने भिजवला तो सव्विसावा.

ओल्या खळीतून एक पान सुटलं. त्याने ते अलगद फडक्यावर पसरलं.

“तुझंच वर्ष दिसतंय. बघ बाई, माझा चष्मा ओला झालाय.”

“दादा, शेवटची नोंद चाळीस आहे.”

चष्मा पुसणारा त्याचा हात थांबला.

“वाच,” तो म्हणाला. “कोण का निघेना, दोघं जाऊन भेटू. पण परत माझ्याबरोबर घरी यायचं, सांगून ठेवतो.”

तिने ओळीखाली बोट धरलं. आईचं नाव होतं. कधी न ऐकलेलं. ते तिने दोनदा पुटपुटलं आणि बोट पुढे सरकवलं.

मुलगा. दत्तक दिला.

आणि खाली सही, शेपटी पतंगासारखी वर गेलेली.