कोण्या गावाचे

तंजावरच्या मराठा राजवाड्याच्या चौकात उत्तरा मैत्रिणींचे फोटो काढत होती. तेवढ्यात सावलीत बसलेल्या एक वृद्ध बाई लगबगीनं उठून जवळ आल्या. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसांत अबोलीचा गजरा.

"तुम्ही कोण्या गावाचे?" त्यांनी विचारलं. मराठीच होती, पण जुन्या वळणाची, आणि हेल पुरता तमिळ.

"पुण्याचे," उत्तरा म्हणाली.

बाईंचा चेहरा उजळला. "आम्हीपण मराठीच! पिढ्यान्‌पिढ्या इथंच. आमचे हे होते तोवर घरात बोलणं व्हायचं. लेक आणि सून तमिळच बोलतात. म्हणून इथं येऊन बसते. कुणी मराठी बोलत आलं की कान निवतात."

उत्तराला त्या हेलाचीच गंमत वाटली. मैत्रिणींकडे वळून तिनं तो हुबेहूब काढला, "तुम्ही कोण्या गावाचे?" सगळ्या खळखळून हसल्या. त्यांना हसताना पाहून बाईही हसल्या. मग मुली कशाला हसताहेत ते बाईंच्या ध्यानात आलं, आणि त्या पदर सावरत एक पाऊल मागे सरल्या.

 उत्तरा घाईघाईनं पुढे झाली. "मावशी, चुकलं माझं. बोला ना तुम्ही. मला खरंच ऐकायचंय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"दरबार त्या बाजूला आहे, पायऱ्या जपून चढा," हात दाखवत त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, स्वच्छ इंग्रजीत.