चार अंश

"तेल हळूहळू तापू द्या," मुख्य परीक्षक म्हणाले. "घाई केली की थर्मामीटरची काच खोटं बोलते."

"ती खोटं बोलते का, तेच तर पाहतोय आपण, सर," नव्या सहायक बाई म्हणाल्या.

औषधांच्या त्या कारखान्यात बाईंना दुसऱ्या शाखेतून बदलून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. परीक्षकांना प्रयोगशाळेत तीस वर्षे झाली होती. टेबलावर एका रुग्णालयाचे पत्र उघडे पडले होते. आकडीवरची तुमची गोळी नियमाने घेणाऱ्या तीन रुग्णांना कित्येक वर्षांनी, गेल्या महिन्यात, पुन्हा आकडी आली. त्यांतला एक जिन्यावरून कोसळला आणि दगावला. मालकांना संध्याकाळच्या आत उत्तर हवे होते, आणि ते परीक्षकांच्या सहीने जायचे होते.

परीक्षकांच्या मनात उत्तर तयार होते. या औषधाची शुद्ध पूड एकशे ब्याण्णव अंशांना वितळते, भेसळीची त्याआधीच पाघळते. आणि वहीतली प्रत्येक नोंद एकशे ब्याण्णववर संपत होती. कच्चा माल देणारा तीन महिन्यांपूर्वी बदलला, तेव्हापासून पूड वितळायला सुरुवात तेवढी दोन-तीन अंश आधी होत असे. तो दोष त्यांनी शेगडीच्या माथी मारला होता. शेवट तर जागेवर होता.

पण बाईंनी सकाळीच तापमापकावर कोरलेला क्रमांक त्याच्या अचूकतेच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिला होता, आणि तो जुळला नव्हता.

"प्रमाणपत्र जुन्या थर्मामीटरचं आहे, सर. तो तीन महिन्यांपूर्वीच फुटला."

"नवा त्याच कंपनीचा आहे. त्याच जातीचा."

"माझ्या बहिणीच्या गुणपत्रिकेवर मला कुणी नोकरी दिली नसती, सर."

यावर परीक्षकांनी तेल तापवून पाहायची परवानगी दिली होती.

बाईंनी कपाटातून एका प्रमाण पदार्थाची बाटली काढली. द्रवणांक बाटलीवरच छापला होता: एकशे अठ्ठ्याऐंशी. चिमूटभर पूड त्यांनी केसासारख्या बारीक काचनळीत ठोकून बसवली, नळी तापमापकाला बांधली आणि दोन्ही तेलात सोडली. आता दोघेही भिंगाला डोळा लावायला आळीपाळीने वाकत होते.

एकशे सत्त्याऐंशी. एकशे अठ्ठ्याऐंशी. नळीतले दाणे तसेच उभे.

"बाटली जुनी आहे," परीक्षक म्हणाले. "खराब झाली असेल आतली पूड."

"खराब असती तर आधी वितळली असती, सर. उशिरा कधीच नाही."

हे त्यांना ठाऊक होते. या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ते हेच शिकवत आले होते.

एकशे नव्वद. एकशे एक्क्याण्णव. मग, पारा एकशे ब्याण्णवला टेकताच, सगळे दाणे एकाच वेळी खचले आणि नळीत नितळ पाणी झाले. बाटलीतली पूड शुद्ध होती. तापमापक चार अंश जास्त सांगत होता.

वहीतून चार वजा करायला कागद लागला नाही. माल चार अंशांनी खाली घसरला होता, तापमापकाने तो चार अंशांनी उचलून धरला होता, आणि तीन महिने या दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले होते.

"तीन महिन्यांचा सगळा माल बाजारात आहे, सर," बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी तापमापक तेलातून उचलला, फडक्यात धरून मोरीपाशी नेला, आणि गार पाण्याचा नळ त्यावर पूर्ण सोडला.

तडकन आवाज होऊन काच फुटली. पाऱ्याचे मणी मोरीत इकडेतिकडे धावले, जाळीपाशी एकत्र आले आणि दिसेनासे झाले.

"गरम होता तो," बाई म्हणाल्या.

"हो. लक्षातच राहिलं नाही." त्यांनी नळ बंद करून हात पुसले. "लिहून घ्या. नोंदी तपासल्या, औषध निर्दोष आढळले. आपला नम्र. आणि थर्मामीटर उद्याच्या तारखेने फुटला म्हणून लिहा."

बाईंनी लेखणी उचलली नाही. परीक्षकांनी आग्रहही धरला नाही. ते खिडकीपाशी गेले, पाठ फिरवून त्यांनी घरी फोन लावला आणि आवाज खाली आणला. पण खोली लहान होती.

"ऐक. धाकट्याला दुपारची गोळी देऊ नकोस. मी आणतो त्या पाकिटातली नकोच. दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणव."

"भाऊजींनी केव्हाच घेतली," पलीकडून बायकोचा आवाज आला. "का हो? तुमच्या कारखान्याशिवाय दुसऱ्या कुणाची गोळी त्यांना चालायची नाही, म्हणून तर घरी आणता ना?"

"ते राहू दे. त्याला आज एकट्याला कुठे सोडू नकोस."

बायको हसली.

"आता सांगताय? मघाशीच सायकल काढून पुलापलीकडे गेलेत. नऊ वर्षांत एकदा आकडी नाही, आता किती जपायचं त्याला, असं परवा तुम्हीच म्हणालात. सायकलही तुम्हीच आणून दिलीत."