अडकणारी बंदूक

मिस्त्रीने बंदूक तिसऱ्यांदा उघडली, तेव्हाही आत पिवळा लगदा होता. रंगाची गोळी वरच्या डब्यातून नळीत पुरती उतरायच्या आधीच दट्ट्या पुढे येत होता आणि तिला मधोमध चिरडत होता. गिऱ्हाइकांची तक्रार खरी होती. चार गोळ्या सुटल्या की बंदूक ठप्प.

"लोक तोंडावर हसतात माझ्या," दाजी दारातून कडाडले. खेळाचं मैदान त्यांचं, बंदुका त्यांच्या आणि बायकोचा धाकटा भाऊ म्हणून मिस्त्रीही त्यांच्याच दावणीला बांधलेला. "आज सशाचा खेळ आहे. गोळ्या धो धो सुटल्या पाहिजेत."

सशाचा खेळ म्हणजे एकाने भिंतीच्या कडेने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला झोडपून काढायचं. ससा कायम मिस्त्रीच. म्हणून तर प्रत्येक नळीच्या तोंडाशी, डब्यातून गोळी उतरते तिथे, त्याने मुद्दाम एक कंगोरा ठेवला होता. गोळी तिथे क्षणभर अडे, बंदूक चोंदे आणि सशाला दम खायला मिळे. आपल्या पाठीचा विमा आपणच उतरवायचा, दुसरं कोण बसलंय?

"गुडघा सुजलाय, दाजी. आज पळणं जमायचं नाही."

"तुला कोण सांगतंय? तुझी ताई पळेल. गेल्या खेपेला तू नव्हतास, तेव्हा पळालीच की. मी स्वतः होतो बंदुकीवर." दाजी हसले. "तुझ्यापेक्षा चपळ आहे. बोंबलते तेवढी फार."

मिस्त्रीने मान वर केली नाही. इतक्या उन्हात ताई रोज लांब बाह्या घालून वावरत होती आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं.

मग तो कामाला लागला. कंगोरा कानशीने घासून काढला, नळी आतून गुळगुळीत केली. एका मोडक्या खेळण्यातली इवलीशी मोटर काढून डब्याच्या तळाशी बसवली आणि तिला रबराचं पातं लावलं. आता ते पातं गोळ्यांना ढकलत नळीत उतरवणार होतं. बोट कितीही घाई करो, गोळी त्याच्या आधी हजर. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

"झाली," तो म्हणाला. "चला, भिंतीवर मारून बघू. मुखवटा घाला, रंग उडेल."

दाजींनी मुखवटा चढवला आणि ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "हां, मार इकडे," त्यांनी बोटाने जागा दाखवली.

पहिली गोळी त्या बोटावरच बसली. दुसरी बरगडीत. दाजींनी शिवी हासडली, तर तिसरी गळ्याखाली फुटली. मग मोजायला उसंतच उरली नाही. दाजी पळाले, गोळ्या पाठीत, कुल्ल्यांवर, पोटऱ्यांवर फाट फाट फुटत गेल्या. शर्ट अंगाला चिकटला आणि पिवळ्यात लाल मिसळायला लागलं. कुंपणापलीकडच्या गिऱ्हाइकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला. दाजी पडले, उठले, पुन्हा पडले. त्यांनी दोन्ही हात वर केले, तेव्हा मिस्त्रीने हातांवर मारल्या. बंदूक एकदाही अडकली नाही. त्याला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

डबा रिकामा झाला. मोटर नुसतीच घरघरत राहिली.

गोळ्या भरायच्या टेबलापाशी असलेली ताई धावत आली.

"आवर तुझ्या भावाला!" दाजी भिंतीशी मुटकुळं करून किंचाळले. "मारून टाकेल मला!"

मिस्त्रीने बंदूक खाली घेतली. आता ही आपल्याला शिव्याशाप देणार, नवऱ्याला हाताला धरून उठवणार. शेवटी नवरा तो नवरा.

ताईने दाजींकडे पाहिलं. डब्याचं झाकण उघडलं आणि काखेतली गोळ्यांची पिशवी त्यात रिकामी केली.

"आण इकडे," ती म्हणाली. "मलाही बघू दे, अडकते का ते."