सहा माणसं हवीत

शेरीफ डुएन कोर्टात शिरला तो कॅफेतली चार माणसं पुढे घालूनच, गुरं वळवून आणावीत तशी. त्यांत खुद्द कॅफेची मालकीण लोरेन होती, पोस्टमन होता, गुरांची डॉक्टर पोकर्नी होती, आणि एक अनोळखी ट्रकवाला होता. ट्रकवाला हातातला कोलाचे, जर्दाळू भरलेला गोड पाव, अजून चावत होता.

"जजबाई, रस्त्यावर आता फक्त कुत्री उरलीत," डुएन म्हणाला. "आणि तीसुद्धा या दोघांना ओळखतात."

जज टिमरमनबाईंनी चष्मा कपाळावर सारला. काउंटी कोर्टाच्या ज्युरीला सहा माणसं लागतात. बोलावलेली कमी पडली तर शेरीफने दिसेल त्याला धरून आणावं, असा कायदाच आहे. पण सकाळपासून ज्युरीची एकही खुर्ची भरली नव्हती.

फिर्यादीच्या टेबलाशी आर्विड हेडलुंड कडक इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता. पलीकडच्या टेबलाशी एमिल व्होबोरिल. दोघांच्या कुरणांत एकच कुंपण, आणि तेही नावापुरतंच. एमिलचा पांढऱ्या तोंडाचा वळू एकदा ते मोडून आर्विडच्या जातिवंत काळ्या कालवडींत घुसला. गेल्या वसंतात वासरं झाली ती निम्मी पांढऱ्या तोंडाची. आर्विडने ती पुरावा म्हणून विकलीसुद्धा नाहीत. हमरस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तो पुरावा चरताना बघत होता.

एमिलने सरळ माफी मागितली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तो भर कॅफेत म्हणाला, "माझ्या वळूने एवढे कष्ट उपसले, त्याची मजुरी कोण देणार?" सगळं कॅफे खिदळलं. आर्विड उठला तो थेट कोर्टात. वर्ष झालं, दोघांत शब्द नव्हता. आर्विडला पैसे नकोच होते. एमिल चुकला, एवढंच सहा माणसांनी शपथेवर म्हणायला हवं होतं.

जजबाईंचा प्रश्न साधा होता. "दोघांची ओळख बाजूला ठेवून निवाडा कराल?"

"छे हो," लोरेन म्हणाली. "माझं कॅफे जळलं तेव्हा हे दोघं एकाच गाडीतून विटा घेऊन आले. काम कमी आणि भांडणं जास्त. ती भिंत अजून वाकडी आहे. आता त्यातली कुठली वीट कुणाची म्हणून सांगू?"

"माझ्या लग्नात दोघं गायले," पोस्टमन म्हणाला. "बायकोने अजून दोघांनाही माफ केलेलं नाही. मला सोडा."

आर्विड दातओठ खात होता. सकाळपासून हेच चाललं होतं. जो उठे तो त्याचं नाव घेई, आणि एका जुवाला जुंपल्यासारखं लगेच एमिलचं.

मग डॉक्टर पोकर्नी उभी राहिली. "शपथ घेतलीय, म्हणजे आता बोलावंच लागणार. जानेवारीत आर्विडकाका न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या गुरांच्या हौदावरचा बर्फ रोज सकाळी एमिलकाका फोडायचे. मी बघितलंय. मला दम भरला, 'त्याने मला कोर्टात खेचलंय. त्याला सांगितलंस तर मी तुला खेचीन.'"

आर्विडचं तोंड उघडंच राहिलं. बर्फ भाचा फोडतो, असं तो समजत होता. त्या आळशाला त्यापायी नवी टोपीसुद्धा घेऊन दिली होती. एमिल छताकडे बघत बसला होता.

उरला ट्रकवाला. जजबाईंचा चेहरा खुलला. "तुम्ही कुठले?"

"ओरेगॉनचा, बाई. या गावात पहिल्यांदाच थांबलो. तेही कोलाचेसाठी."

"म्हणजे या दोघांना ओळखत नाही."

ट्रकवाल्याने शेवटचा घास गिळला. आधी आर्विडकडे बघितलं, मग एमिलकडे. "आत आलो तेव्हा नव्हतो ओळखत. आता मलाही सोडा."

सगळं कोर्ट हसलं. डुएनने टोपीआड तोंड लपवलं. आर्विडलाही हसू आवरेना, आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एमिलचं ते घोरल्यासारखं हसणं त्याच्या कानी पडलं. वर्षभरात ऐकलं नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं, की स्वतःचाच राग आला.

"आर्विड," जजबाई म्हणाल्या, "या काउंटीत तुम्हाला ज्युरी मिळायची नाही. म्हणाल तर खटला दुसऱ्या काउंटीत पाठवते. तुम्हाला कुणी ओळखत नाही अशी सहा माणसं तिथे मिळतील."

आर्विड उभा राहिला. सहा परकी माणसं. वाकडी भिंत न बघितलेली. त्याला ती एकदम नकोशी झाली. तो जजबाईंकडे वळलाच नाही.

"का रे," तो एमिलवर खेकसला, "मी बोलत नव्हतो ना तुझ्याशी? मग बर्फ फोडायला कुणी सांगितलं होतं तुला?"

एमिलने टोपी हातात घेतली आणि तिची कड चाचपत राहिला. "चुकलो मी, आर्विड. ते सांगायला सहा माणसं कशाला हवीत? मीच सांगतो."

"बर्फाचं विचारतोय मी."

"बर्फाचं काय त्यात? पांढऱ्या तोंडाची ती सगळी माझी नातवंडं," एमिल म्हणाला. "व्याह्याच्या दारात तहानलेली ठेवू त्यांना?"