सातच्या निधनवार्ता

"निधनवार्ता बंद करणार असाल तर सही नाय," भागोजी म्हणाले आणि पेन टेबलावर ठेवून मोकळे झाले.

समोर बसलेला दीपेश हसला. तो ठाण्याच्या नेटवर्क कंपनीचा माणूस, चॅनेल ताब्यात घ्यायला महाडला आला होता. "काका, उलट आमच्या मॅडमनी बजावून सांगितलंय. बाकी काय हवं ते बदला, पण सातच्या निधनवार्ता तशाच चालू ठेवा."

भागोजींचा जीव भांड्यात पडला. दुसरं काही वाचवण्यासारखं उरलंही नव्हतं.

महाडात केबल आणली ती त्यांनीच. नाते गावच्या शेतीत मन रमेना म्हणून भावाच्या शिव्या खाऊन त्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसवली, आंब्याफणसांवरून वायरी ओढल्या आणि कॅसेटवर सिनेमे दाखवले. मग स्वतःचं लोकल चॅनेल काढलं. पुढे सेट-टॉप बॉक्स आले, तेव्हा नेटवर्कला जोडून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सिग्नल ठाण्याचा, वायर भागोजींची, आणि आपलं म्हणायला हे एक चॅनेल. आता मोबाइलने तेही खाल्लं. एमआयडीसीतली पोरं शिफ्टच्या बसमध्येच सगळं बघून घरी येत. त्यात लाईनमन प्रवीण काम सोडून गेल्यापासून खांबावर चढणारा धड माणूसही मिळाला नव्हता.

पण सात वाजले की नात्यापासून पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत अजूनही टीव्ही लागे. कोण गेलं, दहावं कुठे, तेरावं कधी. हे बघूनच मुंबईतल्या लेकांना गावाहून फोन जायचे. चॅनेलवर फोटो लागला की माणूस गेला, पुन्हा कुणी कुणाला विचारायचं नाही. डॉक्टरच्या दाखल्यापेक्षा लोकांचा भागोजींवर भरवसा जास्त.

या बातम्या पूर्वी त्यांची मुलगी सेजल वाचायची. नावाआधी क्षणभर थांबायची तिची एक लकब होती. सेजलने वाचलं तर मेलेल्यालाही बरं वाटेल, असं लोक म्हणत.

मग एका पावसाळ्यात तिचाच फोटो लागला. 'मुंबई येथे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' मजकूर भागोजींनी स्वतः लिहिला आणि वाचलाही स्वतःच. सारा तालुका सांत्वनाला आला. सावित्री नदीच्या काठी दहावं झालं, तेव्हा कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. दुपार कलली. "पोरीचा जीव कशात तरी अडकलाय गो," असं म्हणून बायका रडल्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं भुकेजून घरी गेली. एकुलती एक पोर. त्या दिवशी बापाच्या मनात काय चाललं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

भागोजींच्या बायकोने, राहीबाईने, तेव्हापासून टीव्हीसमोर बसणं सोडलं. सात वाजले की ती मागच्या पडवीत जाऊन बसे. नवऱ्याशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतं.

"अजून एक," भागोजी आता जरा चाचरत म्हणाले. "मी तुला फोनवर बोल्लो होतो..."

"तुमच्या स्वतःच्या बातमीचं ना? सांगितलं मी मॅडमना."

"माझी बातमी ह्याच चॅनेलवर लागली पायजे. सातला. आन् नीट वाचलेली. सगल्यांच्या लावल्या, माझीच राहायला नको."

"मॅडम म्हणाल्या, काकांची बातमी मी स्वतः वाचेन."

भागोजींचे डोळे भरून आले. आयुष्यभर लोकांची मरणं सांगितली, आपलं कोण सांगणार, ही धास्ती त्यांना रात्रंदिवस खात होती. "मोठ्या मनाची बाई हाय. सहीला का नाय आली?"

"म्हणाल्या, महाडात मला आता कोण ओळखतंय! पण साध्या आहेत हो. खालून वर आलेल्या. त्यांचे मिस्टर तर गरज पडली की अजून स्वतः खांबावर चढतात."

भागोजींनी सही केली.

सोमवारी चॅनेल नव्या मालकिणीचं झालं. संध्याकाळी भागोजी नात्याच्या घरी टीव्ही लावून बसले. ओटीवर एकटं बसायची त्यांना सवय होती. पण आज राहीबाई हात पुसत आली आणि त्यांच्या शेजारी चटईवर बसली. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं.

"आज तू कशी गो?"

"बघते," राहीबाई म्हणाली.

सात वाजले. सव गावचे एक वृद्ध गेले होते. पोलादपूरकडची एक बाई गेली होती. मग तिसरा फोटो आला. गच्चीवर, छत्रीला हात लावून उभा असलेला तरुण भागोजी. हा फोटो घरच्या ट्रंकेत असायचा. तो त्यांनी कुणालाच दिला नव्हता.

'नाते येथील...' वाचणारी क्षणभर थांबली. '...भागोजी यांचे मुंबई येथे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' आवाज जरा जाड झाला होता, पण लकब तीच होती.

फोटोखाली अक्षरं उमटली. 'शोकाकुल : मुलगी सेजल, जावई प्रवीण.'

बाहेर अंगणात चपला वाजू लागल्या. शेजारचा भिकू "वयनी, कसा झाला हो ह्या?" म्हणत रडतच दाराशी आला. त्याच्यामागे आणखी माणसं होती. भागोजींनी राहीबाईचा दंड धरून गदागदा हलवला.

"अगो, सांग की त्यांना! मी जित्ता हाय!"

राहीबाईने टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"तवा ती पन होती," ती म्हणाली.